एचआयव्ही, तरुण वय आणि ‘कोणाला कळले तर?’

भारतात 2004 साली सरकारी केंद्रांतून मोफत एआरटी, म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणारी औषधे, सुरू झाली आणि जन्मतः एचआयव्ही घेऊन आलेली कितीतरी मुले तगली. ती आता महाविद्यालयात आहेत किंवा नोकरीच्या शोधात आहेत. मला येणाऱ्या त्यांच्या पत्रांत आजाराविषयी फारसे नसते. कोणाला कळले तर काय, हीच धास्ती ओळीओळीत असते.

प्रश्न : मला जन्मापासून एचआयव्ही आहे. यंदा शिक्षणासाठी पुण्यात वसतिगृहात आलो. खोलीत आम्ही चौघे आहोत. रात्री नऊची गोळी सगळ्यांसमोर घेता येत नाही, म्हणून आठवड्यातून दोन-तीनदा चुकते. केंद्रात सांगितले तर ओरडतील. (वय 19)

उत्तर : रात्री नऊचा हा नियम बहुधा जुन्या औषधाचा आहे. पूर्वीच्या गोळीत इफाविरेंझ असे. त्याने अनेकांना गरगरायचे, विचित्र स्वप्ने पडायची, म्हणून ती झोपताना घ्यायला सांगत. आता बहुतेकांना मिळणारी टीएलडी ही तीन औषधांची एकत्र गोळी दिवसातल्या कोणत्याही एका ठरलेल्या वेळी, जेवणाआधी किंवा नंतर घेतली तरी चालते. एआरटी केंद्राने दिलेल्या तुमच्या हिरव्या नोंद-पुस्तिकेत कोणते औषध लिहिले आहे ते पाहा आणि समुपदेशकांशी बोलून, सोबती आंघोळीला जातात ती सकाळची वेळ ठरवून घ्या.

डबी खुळखुळते म्हणून गोळ्या कागदाच्या पुडीत बांधून ठेवणारी मुले मी पाहिली आहेत. दमट हवेत त्या खराब होतात. त्यापेक्षा डबीतच वरून कापसाचा बोळा ठेवा; ओलावा शोषणारी आतली पुडी मात्र फेकू नका. गावाकडचे केंद्र बदलून पुण्यातले घेता येते, त्यासाठी तिथून बदलीचे पत्र मागा. ओरडणारे कर्मचारी कुठेच नसतात असे मी म्हणणार नाही. पण गोळ्या चुकल्याचे तुम्ही सांगितले नाहीत, तरी व्हायरल लोडच्या, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे याच्या, तपासणीत ते दिसू शकते, आणि तेव्हा कारण ठाऊक नसल्याने डॉक्टर चांगले चाललेले औषधही बदलायला निघतील.

प्रश्न : माझा नातू 11 वर्षांचा आहे. त्याचे आईवडील याच आजाराने गेले. गोळ्या दम्याच्या आहेत असे मी सांगत आले. परवा त्याने डबीवरचे नाव मोबाइलवर शोधले आणि तेव्हापासून तो गप्प आहे. आता काय सांगू?

उत्तर : आजी, त्याला बहुधा कळले आहे, आणि तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून तो बोलत नाही. शाळकरी वयातल्या मुलांना त्यांच्या समजुतीनुसार, टप्प्याटप्प्याने खरे सांगावे, असेच जागतिक आरोग्य संघटनेच्या 2011 च्या मार्गदर्शक सूचना म्हणतात. एआरटी केंद्रातल्या समुपदेशकांना सोबत घ्या, पण पहिले वाक्य तुमच्या तोंडून येऊ द्या : “तुझ्या रक्तात एक विषाणू आहे, गोळी त्याला दाबून ठेवते, आणि यात तुझी काही चूक नाही.” पुढचा प्रश्न ‘कोणामुळे?’ हा येईल. तेव्हा आईला किंवा वडिलांना दोष देऊ नका. मुले तो दोष स्वतःवर ओढून घेतात.

‘कोणाला सांगू नकोस’ एवढेच म्हटले, तर त्याला ही गोष्ट लाजेची वाटेल. घरातले पासबुक आपण चावडीवर वाचत नाही, म्हणून पैसे चोरीचे ठरत नाहीत, असे काहीसे सांगितले तर त्याला समजेल.

प्रश्न : घरात माझ्या लग्नाचे पाहताहेत. ‘मुलाकडच्यांना काही सांगायचे नाही,’ असे आई म्हणते. महिनाभर झोप नाही, जगून काय करायचे असे वाटते. (वय 23)

उत्तर : लग्नाचे थोडे बाजूला ठेवू. मरणाचे विचार येत असतील, तर आजच टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर बोला. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि तिथे मराठीत बोलता येते. जीव द्यावा असे वाटू लागले, तर एकट्या राहू नका. आईला जवळ बसवा किंवा थेट रुग्णालय गाठा. याच आठवड्यात जिल्हा रुग्णालयातल्या मनोविकारतज्ज्ञांना भेटा आणि हिरवी पुस्तिका सोबत न्या, म्हणजे एआरटीबरोबर चालणारे औषध त्यांना निवडता येईल. टीएलडीतल्या डोल्युटेग्राविरने काहींची झोप उडते. तुम्ही ती रात्री घेत असाल तर तेही सांगा.

आईची भीती मला समजते, पण तिचा सल्ला मला पटत नाही. नियमित उपचारांनी विषाणू तपासणीत सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, तर लैंगिक संबंधांतून जोडीदाराला संसर्ग होत नाही, मूलही निरोगी होऊ शकते. ही माहिती हाती असताना लपवून केलेल्या लग्नात पुन्हा गोळ्या लपवणे आले. स्थळ पक्के होण्याआधी मुलाशी एकट्याशी, शक्य तर समुपदेशकांसमोर बोला. तो नाही म्हणेल, कदाचित दुसरीकडेही बोलेल. म्हणून लेखी काही देऊ नका आणि गाव सोडून तिसऱ्या ठिकाणी भेटा. एचआयव्हीसह जगणाऱ्यांची आपसांतली लग्नेही होतात, त्यांचे वधूवर मेळावेही भरतात. मात्र तोच एक मार्ग उरला आहे, असे मानू नका.

प्रश्न : कंपनीने नेमणुकीआधी एचआयव्ही चाचणी मागितली आहे. करावी लागेल का?

उत्तर : नाही. एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा 2017 चा आहे आणि 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. नोकरीसाठी अशा चाचणीची अट घालण्यास तो मनाई करतो. मागणी तोंडी असेल तर ईमेलवर मागवा. शंभर किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेत तक्रार अधिकारी नेमावा लागतो. त्याचे नाव विचारा. एड्स हेल्पलाइनच्या 1097 या मोफत क्रमांकावर पुढची वाट विचारता येईल, तिथे स्वतःचे नाव सांगण्याची गरज नाही.