कायमचे परदेशी जाताना तिकीट एकेरी घ्यावे की परतीचे?

प्रश्न : मला, माझ्या पतीला आणि आमच्या सहा वर्षांच्या मुलीला कॅनडाचे पीआर (कायमस्वरूपी वास्तव्याचा हक्क) मंजूर झाले असून ऑगस्टअखेरीस आम्ही मुंबईहून टोरांटोला जाणार आहोत. डिसेंबरात माझ्या धाकट्या बहिणीचे लग्न दादरला आहे, त्यासाठी तीन-चार आठवडे यायचे आहे. आमच्या एजंटाच्या मते एकेरी तिकीट महाग पडते, म्हणून परतीचेच घ्यावे. माझे दीर म्हणतात, कायमचे राहायला जाणाऱ्याकडे परतीचे तिकीट दिसले तर तिथला अधिकारी शंका घेईल. सासूबाईंना वाटते, परतीचे तिकीट नसेल तर सहार विमानतळावरच अडवतील. आम्ही काय करावे?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : दीरांची आणि सासूबाईंची, दोघांचीही भीती तुम्ही बाजूला ठेवावी. परतीचे तिकीट विचारले जाते ते मुख्यतः पर्यटकांना. सहारच्या चेक-इन काउंटरवरचा कर्मचारी कागदपत्रे बारकाईने तपासतो, कारण अपुऱ्या कागदांचा प्रवासी नेल्यास विमान कंपनीला दंड होतो आणि त्याला परत आणण्याची जबाबदारीही तिच्यावरच येते. पासपोर्टवरचा व्हिसा आणि पीआर मंजुरीचे पत्र मुदतीत असले की त्याचे समाधान होते. टोरांटोला उतरल्यावर अधिकारी हेच कागद, निर्वाहासाठीची रक्कम आणि राहण्याचा पत्ता यांविषयी विचारील. पीआरधारकाने पाच वर्षांत किमान ७३० दिवस कॅनडात राहिले पाहिजे अशी कायद्याची अट आहे. चार महिन्यांनी लग्नाला जाऊन येण्याने तिला बाध येत नाही. तेव्हा तुमचा प्रश्न उरतो तो पैशांचा आणि तारखांचा.

एजंटाचे म्हणणे खोटे नाही. मोठ्या विमान कंपन्या परतीचे भाडे एकत्र ठरवतात, त्यामुळे एकेरी भाडे त्याच्या निम्म्याहून बरेच जास्त असते आणि कधी कधी तर जवळजवळ तेवढेच भरते. पण तुमच्या बाबतीत हा हिशेब अर्धवट राहतो. तुम्हाला ऑगस्टात मुंबईहून टोरांटोला जायचे आहे, डिसेंबरात टोरांटोहून मुंबईला यायचे आहे आणि जानेवारीत पुन्हा टोरांटोला परतायचे आहे. म्हणजे प्रवास तीन आहेत. एजंटाने सुचवलेले तिकीट पहिल्या दोन प्रवासांपुरते आहे, त्यामुळे जानेवारीसाठी मुंबई–टोरांटो असे एकेरी तिकीट तुम्हाला घ्यावेच लागेल. उलट, आता एकेरी तिकिटाने गेलात तर डिसेंबर-जानेवारीसाठी टोरांटोहून निघून टोरांटोलाच परतण्याचे तिकीट तिथून काढता येईल. दोन्ही मार्गांनी एक एकेरी आणि एक परतीचे, अशी दोन तिकिटे होतातच. त्यामुळे तुलना करायची ती दोन्ही मार्गांच्या पूर्ण बेरजेची. एजंटाकडून ऑगस्टचे एकेरी, ऑगस्ट-डिसेंबरचे परतीचे, जानेवारीचे एकेरी आणि टोरांटोहून डिसेंबर-जानेवारीचे परतीचे अशी चार भाडी एकाच दिवशी मागून घ्या. ऑगस्टअखेरीस विद्यार्थ्यांची आणि जानेवारीच्या आरंभी सुट्टीहून परतणाऱ्यांची गर्दी असते, म्हणून कोणते एकेरी भाडे जास्त भरेल याचा अंदाज बांधत बसण्यापेक्षा आकडे समोर ठेवलेले बरे.

बेरीज थोडीफार मागेपुढे झाली तरी मी तुम्हाला ऑगस्टसाठी एकेरी तिकिटाचाच सल्ला देईन, आणि त्याचे कारण पीआर कार्डात आहे. तुमच्या पासपोर्टवरचा व्हिसा एकाच प्रवेशासाठी असतो. टोरांटोला उतरलात की त्याचे काम संपते. त्यानंतर कॅनडाबाहेर जाऊन विमानाने परत येण्यासाठी पीआर कार्ड लागते. ते कॅनडातल्याच पत्त्यावर टपालाने येते आणि त्याला काही आठवड्यांपासून काही महिनेही लागू शकतात. उतरल्यापासून १८० दिवसांत पत्ता कळवला नाही, तर कार्डासाठी वेगळा अर्ज आणि शुल्क भरावे लागते. डिसेंबरची तारीख आधीच बांधून घेतली आणि कार्ड तोवर आले नाही, तर एक तर लग्न चुकेल, नाही तर कार्डाविना याल आणि परतताना इथे अडकाल. अशा वेळी पीआर ट्रॅव्हल डॉक्युमेंटसाठी, म्हणजे कार्डाविना कॅनडाला परतण्याच्या परवान्यासाठी, भारतातून अर्ज करून वाट पाहावी लागते. नव्या नोकरीला लागलेल्या माणसाला आणि शाळेत नुकत्याच रुळलेल्या मुलीला ही वाट पाहणे परवडणारे नाही. कार्ड हातात आले की डिसेंबरचे तिकीट काढा. ते थोडे महाग मिळाले तरी मनाला घोर राहणार नाही.

एजंट ‘डेट चेंज फ्री आहे’ असे सांगत असेल, तर तिकिटाचे नियम लेखी मागवा आणि त्यातल्या दोन ओळी वेगवेगळ्या वाचा. एक ओळ बदलाच्या शुल्काची असते आणि दुसरी भाड्यातल्या फरकाची. शुल्क शून्य असले तरी नव्या तारखेला त्याच दराची जागा शिल्लक नसेल तर फरक भरावाच लागतो, आणि डिसेंबरात स्वस्त दराच्या जागा लवकर संपतात. तिकिटाची मुदतही साधारणपणे वर्षाचीच असते, काही स्वस्त भाड्यांत त्याहून कमी.

परतीचे स्वस्त तिकीट घेऊन उरलेला भाग सोडून द्यावा, असेही कोणी सुचवील. तिकिटाचे भाग क्रमानेच वापरावे लागतात. पहिला सोडला तर पुढचे रद्द होतात, शेवटचा सोडला तर सहसा काही होत नाही. तरी काही कंपन्यांनी आपल्या अटींत भाड्यातला फरक वसूल करण्याचा हक्क राखून ठेवलेला असतो, त्यामुळे सुरुवातीपासूनच हा बेत धरून तिकीट काढावे असे मला वाटत नाही.

सामानाविषयी एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षातून सुटते. पहिल्यांदा उतरताना सोबत आणलेल्या सामानाची आणि मागाहून येणाऱ्या सामानाची, अशा दोन याद्या तिथल्या कस्टम्सला द्यायच्या असतात. जानेवारीत परतताना तुम्ही आईकडची पितळी भांडी, ठेवणीतल्या साड्या किंवा दागिने नेणार असाल, तर ते सारे ऑगस्टमधल्या दुसऱ्या यादीत लिहिलेले असले पाहिजे. तसे नसेल तर त्यावर शुल्क लागू शकते.

आणखी एक : मुख्य अर्जदार तुमच्यापैकी जो असेल, त्याने इतरांच्या आधी किंवा त्यांच्यासोबत उतरायचे असते. तिघांची तिकिटे वेगवेगळ्या दिवसांची निघत असतील तर हा क्रम सांभाळा. मंजुरीपत्रावरची तारीखही वाढवून मिळत नाही.

प्रश्न : मी नववीपर्यंत शिकलेला वेल्डर आहे. दुबईच्या कामासाठी एजंट मला व्हिजिट व्हिसा आणि परतीचे तिकीट देतो आहे. तिथे पोहोचल्यावर कामाचा व्हिसा होईल म्हणतो. परत यायचे नसताना परतीच्या तिकिटाचे पैसे मी का भरावेत?
— एक वाचक, कुर्ला

उत्तर : तुमची शंका योग्य ठिकाणी आली आहे. दहावी उत्तीर्ण नसलेल्यांच्या पासपोर्टवर सहसा ईसीआर (‘इमिग्रेशन चेक रिक्वायर्ड’, म्हणजे परदेशी नोकरीला जाण्याआधी तपासणी आवश्यक) अशी नोंद असते. अशा पासपोर्टावर संयुक्त अरब अमिरातींसह अठरा देशांत नोकरीला जायचे असेल, तर १९८३च्या उत्प्रवासन कायद्यानुसार आधी सरकारी मंजुरी घ्यावी लागते. नोकरीखेरीज अन्य कारणाने जाणाऱ्याला मात्र वैध व्हिसा आणि परतीचे तिकीट दाखवून ती मंजुरी न घेता जाता येते. तुमचा एजंट परतीचे तिकीट देतो ते तुम्ही पर्यटक दिसावेत म्हणून. विमानतळावर खरे कारण उघड झाले तर तुम्हाला विमानात चढू देणार नाहीत. तिथे पोहोचून व्हिजिट व्हिसावर काम करणे हा त्या देशात गुन्हा आहे, आणि पगार बुडाला किंवा अपघात झाला तर दाखवायला तुमच्याकडे करारही नसेल.

या एजंटाला पैसे देऊ नका, दिले असतील तर पावती मागा. तो नोंदणीकृत आहे का, हे सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर पाहता येते, आणि मुंबईत उत्प्रवासी संरक्षकांचे कार्यालयही आहे. नोंदणीकृत एजंटालाही ३०,००० रुपये आणि त्यावरील जीएसटी यांहून अधिक सेवाशुल्क घेता येत नाही. कामाचा व्हिसा, नोकरीचा करार आणि मंजुरी हाती असली की एकेरी तिकिटाने खुशाल जा. करार संपल्यावर परतीचे भाडे मालकाने द्यायचे, हे त्या करारात लिहिलेले आहे का, तेवढे सही करण्यापूर्वी कोणाकडून तरी वाचून घ्या.