आगाऊ, भोचक आणि चोंबडा

प्रश्न असा आला आहे : आगाऊ, भोचक आणि चोंबडा हे तिन्ही शब्द नको तिथे तोंड घालणाऱ्या माणसाला लावतात, मग ते समानार्थी मानायचे का?

माझं उत्तर स्पष्ट ‘नाही’ असं आहे. यांतला एक शब्द काढून दुसरा बसवला की माणूसच बदलतो.

समजा, घरातले एक आजोबा तपासणीचा रिपोर्ट घेऊन आले आहेत. ते चपला काढताहेत तोवर पुतण्या म्हणतो, “मी तर कधीचं सांगतोय, गोड बंद करा.” हा आगाऊ. शेजारी बसलेले पाहुणे विचारतात, “खर्च किती आला? मुलाने दिला का? तो का नाही आला बरोबर?” हे भोचक. आणि तिसरे एक गृहस्थ काहीच विचारत नाहीत, हळूच गॅलरीत जाऊन फोन लावतात, “रिपोर्ट आलाय बरं का, चेहरा काही ठीक दिसत नाही.” हे चोंबडे.

आगाऊच्या मुळाशी ‘अग्र’ आहे, म्हणजे पुढचं टोक. आगाऊ रक्कम, आगाऊ सूचना यांत तो शब्द अगदी सभ्य आहे, वेळेआधी एवढाच त्याचा अर्थ. माणसाला लावला की तोच दोष होतो, कारण माणूस आपली पाळी येण्याआधी बोलतो. त्याचं म्हणणं चूक असेलच असं नाही. पुतण्याचा सल्ला बरोबरही असू शकेल, तरी तो आगाऊच. शिवाय या शब्दात वयाची आणि मानाची उतरंड आहे. लहानाने मोठ्याच्या पुढे जाणं, ‘लहान तोंडी मोठा घास’ म्हणतात ते. म्हणून आजी नातवाला “आगाऊ कुठला!” म्हणते तेव्हा त्यात रागाइतकंच कौतुकही असतं.

भोचकला ही सूट नाही. कौतुकाने कुणाला भोचक म्हटलेलं मी आजवर ऐकलेलं नाही. भोचकपणा प्रश्नात राहतो, आणि तोही दुसऱ्याच्या खाजगी गोष्टीत शिरणाऱ्या प्रश्नात : पगार, लग्न, मूल, आजार. ‘बोचरा’ शब्द कानाला जवळचा वाटतो, पण त्याची गल्लत करू नये. बोचरा प्रश्न दुखवण्यासाठी टाकलेला असतो. भोचक माणसाला बहुतेक वेळा दुखवायचं नसतं, त्याला फक्त कळून घ्यायचं असतं. समोरच्याला मात्र ते सोसावं लागतंच, आणि तिघांत मला हाच दोष सगळ्यात जड वाटतो.

चोंबडा (काहीजण चोमडाही म्हणतात) दुसऱ्याच्या कामात हात घालतो आणि इकडचं तिकडे नेतो. ‘लष्कराच्या भाकऱ्या भाजणं’ वेगळं. त्यात निदान दुसऱ्याचं काम तरी होतं. चोंबडेपणात काम राहतं बाजूला आणि बातमी पोचते.

शंका आली तर शब्द जोडून पाहावेत. ‘भोचक प्रश्न’ जमतो, ‘आगाऊ सल्ला’ जमतो. ‘चोंबडा प्रश्न’ कुणी म्हणत नाही, कारण चोंबडेपणा वाक्यात नसतो, वागण्यात असतो. ‘भोचक सल्ला’ही कानाला खटकतो. प्रश्न मात्र आगाऊही असू शकतो : वर्गात शिक्षकांचं वाक्य पुरं व्हायच्या आत हात वर करून विचारलेला प्रश्न आगाऊ, आणि त्याच शिक्षकांना “तुमचं लग्न का नाही झालं?” हा भोचक.

व्याकरणातही एक फरक आहे. आगाऊ मुलगा, आगाऊ मुलगी, आगाऊ कार्टं. भोचक काका, भोचक काकू. हे दोन शब्द लिंगाप्रमाणे बदलत नाहीत. चोंबडा, चोंबडी, चोंबडं असा तिसरा तेवढा बदलतो. त्यामुळे ‘आगाऊ मुलगी’चं ‘आगावी मुलगी’ करू नये, तसं लिहिलेलं हल्ली माझ्या पाहण्यात आलं आहे.