अमेरिकेत कॉलेजच्या मुलींच्या सॉकर टीमचा हेड कोच म्हणून अख्खं करिअर होऊ शकतं का?

होतं की, आणि कसलं! अ‍ॅन्सन डोरन्सचं बघा. नॉर्थ कॅरोलायना युनिव्हर्सिटीत आधी मुलांची टीम बघायचा, १९७९ ला मुलींची टीम सुरू झाली तीपण त्याच्याकडेच आली, बरीच वर्षं दोन्ही सांभाळल्या आणि मग मुलींचीच धरली ती थेट २०२४ पर्यंत. एनसीएएची (अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची संघटना) २१ टायटल्स, त्यातली १९८६ ते ९४ सलग नऊ!! मिया हॅम, क्रिस्टीन लिली या अमेरिकेच्या स्टार खेळाडू याच्याच हाताखालच्या. आणि कॉलेजची नोकरी चालू असतानाच नॅशनल टीमपण घेतली आणि १९९१ चा पहिला महिला वर्ल्ड कप जिंकून दिला, फायनलला नॉर्वेला २-१.

त्याची पद्धत म्हणजे प्रॅक्टिसमधली प्रत्येक गोष्ट मोजायची, कोण किती जिंकलं ते लिहायचं आणि रँकिंग सगळ्यांसमोर लावायचं. मला विचाराल तर जरा निर्दयच आहे, प्रत्येक मुलीला झेपेल असं नाही.

पण एक आहे, तिथे मुळात पोस्ट निघाल्या त्या १९७२ च्या टायटल नाइन कायद्यामुळे, शिक्षणसंस्थांना मुलींच्या खेळालाही जागा द्यावीच लागली, म्हणून पगारी कोच आले.

बाय द वे, जन्म आपल्या मुंबईतला हां, १९५१ चा.