डोमेन तुमचं, पण नोंद कोणाच्या नावावर?

प्रश्न : मी ऐरोलीत घरून भाजणी, मेतकूट, थालीपीठाची पिठं विकते. वेबसाइट करून देणाऱ्या ओळखीच्या मुलाने डॉट इन डोमेन स्वतःच्या नावावर घेतलं. आता आमचं बिनसलंय. 60 हजार द्या, नाहीतर साइट बंद करतो म्हणतो. नाव तर माझ्या आजीचं टोपणनाव आहे! काय करू?

उत्तर : ताई, 60 हजार देऊ नका. आणि त्याला पोलिसांची भीतीही घालू नका. मामला मुळात दिवाणी आहे, आणि रागाच्या भरात पाठवलेले मेसेज पुढे समोरच्या वकिलाच्या फाइलमध्ये निघतात.

डोमेन 'विकत घेतलं' म्हणतो आपण, पण ते फ्लॅटसारखं मालकीचं होत नाही. ठरावीक मुदतीसाठी, एका वेळी फार तर 10 वर्षांसाठी, ते नोंदवलं जातं. रजिस्ट्रारकडे, म्हणजे डोमेन नोंदवून देणाऱ्या कंपनीकडे, ज्याचं नाव आणि ई-मेल, किल्ली त्याच्याकडे. तेव्हा आज रात्रीच 'हूइज'वर, म्हणजे डोमेनच्या नोंदी दाखवणाऱ्या ऑनलाइन सेवेवर, शोधून मुदत कधी संपते ते लिहून ठेवा. त्याने मुद्दाम नूतनीकरण केलं नाही, तर सुटलेलं नाव तिसराच कोणीतरी उचलेल आणि मग भांडण नव्या माणसाशी.

तुम्ही पाठवलेल्या बिलाचा फोटो मी मोठा करून पाहिला. वेबसाइट, होस्टिंग, आणि तिसऱ्या ओळीत 'डोमेन, 1 वर्ष, 900 रु.'. या एका ओळीवर तुमची केस बरीचशी उभी आहे. डोमेन तुमच्या पैशाने, तुमच्या धंद्यासाठी घेतलं हे त्यानेच लिहून दिलंय. त्यात 60 हजार मागणारा व्हॉट्सॲप मेसेज. डॉट इनच्या वादांचं जे धोरण आहे, त्यात प्रत्यक्ष खर्चाहून जास्त रक्कम उकळण्यासाठी केलेली नोंदणी हा दुर्हेतूचा पुरावा मानतात. 'घेतलं तेव्हा माझ्या मनात काही नव्हतं,' असं तो म्हणेल, आणि ते खरंही असेल. पण या धोरणात नोंदणी किंवा वापर, दोन्हींपैकी एकात दुर्हेतू दिसला तरी चालतं. चॅट डिलीट करू नका, फोन एक्स्चेंजमध्ये देऊ नका. कोर्टात ते दाखवायला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालचं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र लागेल.

ट्रेडमार्क नोंदवलेला नाही म्हणून घाबरू नका. सत्यम इन्फोवेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्येच डोमेन नावाला 'पासिंग ऑफ'चं, म्हणजे दुसऱ्याच्या नावाचा फायदा घेऊन गिऱ्हाइकाची दिशाभूल करण्याविरुद्धचं, संरक्षण दिलं. पण हे नाव तुमचं म्हणून गिऱ्हाईक ओळखतं, हे दाखवावं लागेल : जुनी बिलं, पाकिटांवरची लेबलं, फूड लायसन्स, यूपीआयच्या नोंदी. 'ताजी भाजणी'सारखं नाव असतं तर मीही हात टेकले असते. आजीचं टोपणनाव मात्र दुसऱ्या कोणाला सहज सुचायचं नाही. ट्रेडमार्कचा अर्ज आताच करा. पिठं वर्ग 30 मध्ये येतात, व्यक्तीने ऑनलाइन अर्ज केला तर शुल्क 4,500 रुपये. केव्हापासून नाव वापरता ती तारीख शपथपत्रात खरी लिहा, दोन वर्षं वाढवून नाही.

आता वकिलाकडून नोटीस. 15 दिवसांत उत्तर आलं नाही, तर निक्सीकडे, म्हणजे डॉट इन नावांचा कारभार पाहणाऱ्या संस्थेकडे, तक्रार करायची. तिथे लवाद नेमला जातो आणि तो डोमेन तुमच्या नावावर करण्याचा आदेश देऊ शकतो. नुकसानभरपाईही हवी असेल तर ठाण्याचं जिल्हा न्यायालय आहे, पण तुमच्या उलाढालीसाठी मी आधी तो रस्ता धरणार नाही.

नोटिशीनंतर तो नरमला, तर झालेला खर्च आणि वर चार-पाच हजार देऊन मिटवायला माझी हरकत नाही. फक्त ट्रान्सफरचा कोड (डोमेन दुसऱ्या खात्यात हलवायला लागतो तो) आणि पैसे एकाच बैठकीत, समोरासमोर. आणि नव्या खात्याला ई-मेल तुमचा, मोबाइल तुमचा. भाच्याचा नको, तो कितीही हुशार असला तरी.