रोज ऑफिसला जाऊन-येऊन 12 किमी, पुण्यातच. जुनी स्विफ्ट पेट्रोल घेऊ की डिझेल?

पेट्रोल. सहा किलोमीटरमध्ये डिझेल इंजिन धड तापतही नाही, तोवर तुम्ही पार्किंगमध्ये. मायलेजचा मोह सोडा. मारुतीने 2020 पासून डिझेल बंद केलंय, म्हणजे मिळेल ती जुनीच. दुसऱ्या कंपनीची बीएस-6 (नव्या प्रदूषण नियमांची) डिझेल तर नकोच. तिच्यातल्या डीपीएफला, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरला, साठलेली काजळी जाळायला सलग पळणं लागतं, सिग्नल-सिग्नल खेळून तो तुंबतो.

गाडी बघायला सकाळी जा आणि मालकाला आधीच सांगा, चालू करून ठेवू नका. बॉनेट गरम लागलं तर थंड इंजिन चालू होतानाचा त्रास लपवलाय, अशी मला तरी शंका येते. ऑइलचं झाकण उघडून बघा. आतून पांढरट साय असेल तर ती छोट्या फेऱ्यांचीही असू शकते, पण हेड गॅस्केट (इंजिनमधलं सील, ते गेलं तरी अशी साय येते) मेकॅनिकला दाखवल्याशिवाय टोकन देऊ नका.