चित्रपट आणि माध्यमं हे दोन विषय पदवीला एकत्र घ्यावेत का?

घ्यावेत, पण दोन्ही विषय एकमेकांशी बोलतात असा अभ्यासक्रम मिळाला तरच. दोन्ही घेतले तर 'धड ना इकडचे, धड ना तिकडचे' असं होईल का, आणि पुढे स्वतः फिल्म करायची असेल तर या पदवीचा उपयोग काय, असं तुम्ही विचारलंय. मी हीच जोडपदवी केली आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

बाहेरून हे विषय सख्खी भावंडं वाटतात. प्रत्यक्षात दोघांची घराणी वेगळी. चित्रपट अभ्यास साहित्यसमीक्षा आणि कलेतिहासाच्या अंगानं वाढला. एक कलाकृती समोर घ्यायची आणि कॅमेरा कुठे आहे, कट कधी पडतो, आवाज चित्राच्या आधी येतो की नंतर, असं ती शॉटगणिक उलगडत जायची. माध्यम अभ्यासाचं मूळ बरंचसं समाजशास्त्रात आणि पहिल्या महायुद्धानंतर सुरू झालेल्या प्रचाराच्या अभ्यासात आहे. मालकी कोणाची, बातमी कोण निवडतं, लोक तिचं काय करतात, हे तिथले प्रश्न.

हा फरक खरा कळतो तो 'प्रेक्षक' या मुद्द्यावर. ब्रिटिश चित्रपट-अभ्यासक लॉरा मल्व्ही यांचा १९७५चा गाजलेला निबंध चित्रपटाच्या वर्गात हमखास असतो. हॉलिवूडचा मुख्य प्रवाहातला चित्रपट कॅमेऱ्याची आणि नायकाची नजर अशी जुळवून आणतो, की बघणारा आपोआप पुरुषाच्या जागी जाऊन बसतो, अशी त्या निबंधाची मांडणी. त्यासाठी त्यांनी एकाही प्रेक्षकाला काही विचारलं नाही. त्यांना गरजच नव्हती, कारण त्यांचा प्रेक्षक म्हणजे चित्रपटानं तयार केलेली एक जागा.

आता माध्यमांच्या वर्गात या. संस्कृती-अभ्यासक स्टुअर्ट हॉल यांनी १९७३मध्ये मांडलं, की कार्यक्रम करणाऱ्यानं घातलेला अर्थ बघणारा जसाच्या तसा उचलतोच असं नाही. तो अर्थ मान्य करेल, घासाघीस करून थोडा घेईल किंवा साफ उलटा वाचेल. माध्यम-संशोधक डेव्हिड मॉर्ली यांनी ते प्रत्यक्ष लोकांवर पारखून पाहिलं. बीबीसीचा एक कार्यक्रम त्यांनी २९ गटांना दाखवला: बँक मॅनेजर, कामगार संघटनांचे कार्यकर्ते, शिकाऊ कामगार, विद्यार्थी. अभ्यास १९८०मध्ये प्रसिद्ध झाला. सामाजिक वर्गावरून अर्थ ठरत असेल तर शिकाऊ कामगार आणि संघटनेचे कार्यकर्ते एका बाजूला दिसायला हवे होते. पण त्या शिकाऊ मुलांनी लावलेला अर्थ बँक मॅनेजरांच्या जवळचा निघाला!

एकच विषय शिकणाऱ्याला यातला एक प्रेक्षक भेटतो आणि तोच खरा वाटू लागतो. दोन्ही शिकणाऱ्याला स्वस्थता मिळत नाही. शॉटचं विश्लेषण लिहिताना 'पण हे कुणाला असं दिसलं?' हा प्रश्न टोचत राहतो, आणि मुलाखतींचा ढीग वाचताना 'पण पडद्यावर नेमकं काय होतं?' हा. माझ्या मते या पदवीतली कमाई ती हीच.

गंमत म्हणजे ही भिंत बरीचशी विद्यापीठांनीच घातलेली आहे. सिनेमाचा मुलांवर काय परिणाम होतो हे तपासणारा पेन फंड या खासगी संस्थेचा मोठा प्रकल्प अमेरिकेत १९२९ ते १९३२ या काळात झाला. विषय पूर्ण सिनेमाचा, पण मला तो वाचायला लागला माध्यम संशोधनाच्या इतिहासात. चित्रपटाच्या तासाला त्याचं नावही निघालं नाही.

म्हणून प्रवेश घेण्याआधी माहितीपुस्तिकेतले फोटो बघू नका, विषयांची यादी बघा. निम्मे पेपर एका विभागाचे, निम्मे दुसऱ्याचे आणि दोन्हींना जोडणारा एकही नाही, अशी रचना असेल तर तुमची भीती रास्त आहे. शेवटच्या वर्षाच्या प्रबंधाला दोन्हीकडचे मार्गदर्शक घेता येतात का, हे तर विचाराच. संशोधनपद्धतीचा पेपर सक्तीचा असेल तर कंटाळवाणा वाटला तरी चांगलं लक्षण समजा. मुलाखत कशी घ्यायची, लोकांची संमती कशी मागायची, हे तिथेच शिकवतात, आणि माहितीपट करणाऱ्याला ते रोज लागतं.

आता फिल्म करण्याबद्दल. अशा बहुतेक पदव्यांमध्ये प्रात्यक्षिक थोडं असतं, काही ठिकाणी अजिबात नसतं. छायाचित्रण, संकलन किंवा ध्वनी हेच करायचं हे ठरलेलं असेल तर सरळ फिल्म स्कूलला जा. तीन वर्षं निबंध लिहून लाइटिंग येणार नाही. लेखन, माहितीपट, महोत्सवांचं काम, समीक्षा, अर्काइव्ह किंवा संशोधन यांपैकी काही मनात असेल, किंवा अजून काहीच ठरलं नसेल, तर जोडपदवी घ्या आणि कॅमेरा सुट्टीत शिका. विभागाची उपकरणं सिद्धांताच्या विद्यार्थ्यांनाही वापरायला देतात का, हे मात्र आधीच विचारून ठेवा.