'डिनोट' म्हणजे 'मीन'च का? आणि ते वाक्यात कसं वापरायचं?

तुम्ही लिहिलंय की दहावीपर्यंत मराठी माध्यम होतं, आता अकरावी सायन्सला लातूरला आलात आणि गणिताच्या पुस्तकात जिथं तिथं 'डिनोट' दिसतंय. शब्दकोशात 'अर्थ असणे' दिलंय, पण तो अर्थ वाक्यात बसेना. बसणारही नाही. मी इथंच अकरावी-बारावीला गणित शिकवतो, नवीन बॅच आली की हा प्रश्न कुणीतरी विचारतंच.

'लेट एक्स डिनोट द एज ऑफ द फादर.' मराठी पुस्तकात तुम्ही हेच 'वडिलांचे वय क्ष मानू' असं वाचलेलं आहे. आता बघा, क्षला स्वतःचा काही अर्थ आहे का? नाही. या गणितापुरतं आपण ठरवलं की क्ष म्हणजे वडिलांचं वय. पुढच्या गणितात तोच क्ष ज्वारीची पोती होईल. एखाद्या खुणेला, अक्षराला, रंगाला किंवा शब्दाला एक गोष्ट अशी नेमून दिलेली असते, तेव्हा ती खूण त्या गोष्टीला 'डिनोट' करते. मराठीत 'दर्शवणे' हा त्यातल्या त्यात जवळचा शब्द.

गाड्यांच्या नंबर प्लेट घ्या. 'एमएच 24 डिनोट्स लातूर.' 23 बीड, 25 धाराशिव, 26 नांदेड. (हिंगोली जिल्हा 1999 मध्ये परभणीतून वेगळा झाला, त्यामुळे तो या रांगेत नाही, एकदम 38 वर.) 24 या आकड्यात लातूरचं असं काही नाही, तो नेमून दिलाय एवढंच. उस्मानाबादचं धाराशिव झालं तरी 25 तोच राहिला. मात्र 'एमएच' बद्दल बोलताना 'स्टँड्स फॉर महाराष्ट्र' म्हणा, कारण ती अक्षरं महाराष्ट्र या नावातूनच घेतलेली आहेत. लघुरूपाला 'स्टँड फॉर' शोभतं.

आता खरी गंमत. 'लातूर' म्हटलं की गावाकडच्या पालकाच्या डोळ्यांपुढं क्लासेस, होस्टेल आणि नीटचे मार्क येतात. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला 30 सप्टेंबर 1993 ची पहाट आणि किल्लारीचा भूकंप आठवतो. बाहेरच्या पत्रकाराला 2016 मध्ये मिरजेहून पाणी घेऊन आलेली रेल्वे आठवते. यातलं काहीही 'डिनोट' नाही. लातूर हा शब्द डिनोट करतो ते फक्त एक शहर, नाहीतर जिल्हा. बाकी सगळं मनात उमटतं ते 'कनोट'. ही जोडी तर्कशास्त्रात रुळवली इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल यांनी, 1843 मध्ये. त्यांचा 'कनोट' जरा वेगळा होता, शब्दातून कळणारा गुणधर्म असा. आणि त्यांचं म्हणणं होतं की विशेषनामं फक्त डिनोट करतात, कनोट काहीच करत नाहीत. तर्कशास्त्र म्हणून ठीक आहे, पण किल्लारीच्या माणसापुढं हे सांगून बघा.

मराठी व्याकरणात शब्दशक्ती शिकला असाल तर तुमचं काम अजून सोपं आहे. डिनोट हे अभिधेच्या (म्हणजे शब्दाच्या सरळ अर्थाच्या) घरचं, कनोट बरंचसं व्यंजनेच्या (म्हणजे सुचवलेल्या अर्थाच्या) घरचं. 'आम्ही ज्वारी खातो' या वाक्यात ज्वारी हा शब्द दाण्यांना डिनोट करतो, पण आपण खातो भाकरी. म्हणजे सरळ अर्थ सोडून त्याला जोडलेला दुसरा अर्थ घेतला, ती झाली लक्षणा. या तिसऱ्या शक्तीला इंग्रजीत एकच असं सुटसुटीत क्रियापद नाही, त्यामुळे जोड्या जुळवत बसू नका.

'इंडिकेट'शी मात्र गल्लत फार होते. 'डार्क क्लाउड्स इंडिकेट रेन' बरोबर, 'डिनोट रेन' खटकतं. ढग आणि पाऊस यांची जोडी कुणी ठरवलेली नाही, आपण अंदाज बांधतो. आणि तो अंदाज मराठवाड्यात किती वेळा फसतो हे तुम्हाला मी सांगायला नको. हवामान खात्याचा ऑरेंज अलर्ट ही वेगळी गोष्ट. तिथं ऑरेंज हा रंग 'तयार राहा' हे डिनोट करतो, येलो 'लक्ष ठेवा' आणि रेड 'कृती करा'. पाऊस आला नाही तर अंदाज चुकला, रंगाचा अर्थ चुकला नाही.

'सिग्निफाय' दोन्हीकडं चालतं. अर्थासाठीही आणि एखाद्या गोष्टीचं महत्त्व सांगायलाही, त्यामुळे ते थोडं सैल आहे.

वाक्यात वापरताना: कर्ता बहुतेक वेळा खूणच असते. माणूस कर्ता चालतो तो गणितात, 'वुई डिनोट द सेट बाय ए'. पण मित्राला 'व्हॉट डू यू डिनोट?' विचारलंत तर तो हसेल, तिथं 'मीन'च हवं. पुढं 'अबाउट' किंवा 'टू' लावायचं नाही. 'इज डिनोटिंग' असं चालू काळातही सहसा लिहीत नाहीत. कर्मणी प्रयोग मात्र भरपूर सापडेल. भूगोल घेतला असेल तर स्थलनिर्देशक नकाशात 'ड्राय स्ट्रीम्स आर डिनोटेड बाय ब्लॅक लाइन्स' असं वाचाल, म्हणजे कोरडे ओढे काळ्या रेघेनं दाखवतात. (आपल्या भागाचा नकाशा उघडा, काळ्या रेघांची कमी पडणार नाही.) बोलताना हा शब्द शक्यतो टाळा. तो पुस्तकातला आहे, चहाच्या टपरीवर फार जड वाटतो.

उच्चार डि-नोट, जोर 'नोट'वर. 'डोनेट' वेगळं, ते दान देणं. 'लेट एक्स डोनेट द एज ऑफ द फादर' असं लिहिलेले पेपर माझ्याकडं दरवर्षी येतात. मी त्याचे मार्क कापत नाही, पण बोर्डाचा पेपर तपासणारा कोण असेल ते आपल्या हातात नसतं.